शेतकरी आठवडी बाजारात पहिला स्टॉल: नियम, काटा, लेबल आणि हिशेब

टोमॅटो शेतकऱ्याच्या हातात असतो तोवर अन्न सुरक्षा कायदा त्याच्याकडे पाहत नाही. तोच टोमॅटो दुसऱ्याच्या हातात गेला की कायद्याच्या कक्षेत येतो. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ मध्ये 'प्राथमिक अन्न' अशी व्याख्या आहे आणि तिच्यात 'शेतकरी किंवा मच्छीमार सोडून अन्य व्यक्तीच्या हातातील' असे शब्द मुद्दाम घातलेले आहेत. कलम १८ तर शेतकऱ्याला आणि त्याने शेतस्तरावर पिकवलेल्या मालाला सरळ वगळते. आठवडी बाजारात स्टॉल लावू पाहणाऱ्याने पहिल्यांदा हे नीट समजून घ्यावे. कारण पुढचे निम्मे प्रश्न एकाच मुद्द्यावर सुटतात किंवा अडतात: माल कोणाचा आहे, आणि त्याचे मूळ रूप तुम्ही बदलले आहे का.

महाराष्ट्रात २०१६ साली फळे आणि भाजीपाला नियमनमुक्त झाला, म्हणजे बाजार समितीच्या आवाराबाहेर विकलेल्या भाजीवर समितीचा सेस लागत नाही. त्याच वर्षी राज्य कृषी पणन मंडळाने संत शिरोमणी श्री सावता माळी शेतकरी आठवडी बाजार अभियान सुरू केले. शहरांतल्या महापालिकांच्या मोकळ्या जागा, सोसायट्यांची आवारे, मैदाने अशा ठिकाणी ठरलेल्या वारी भरणारे हे बाजार शेतकरी गट किंवा शेतकरी उत्पादक कंपन्या चालवतात. खालचा मजकूर अशाच बाजारात नव्याने उतरणाऱ्यांसाठी आहे.

पहिली पायरी: आपला माल कोणत्या बाजूला पडतो ते ठरवा

कागद घ्या, विकायच्या सगळ्या वस्तू लिहा आणि दोन रकाने करा.

पहिल्या रकान्यात शेतातून निघाले तसेच येणारे: पालेभाज्या, फळभाज्या, कंद, फळे, शेंगा, मक्याची कणसे, कोंबड्या पाळत असाल तर अंडी. माल स्वतःचा असेल तर यासाठी अन्न परवाना किंवा नोंदणी लागत नाही. धुणे, माती झाडणे, जुड्या बांधणे, प्रतवारी करणे यांनी माल 'प्रक्रिया केलेला' होत नाही.

दुसऱ्या रकान्यात सुरी, जाते, चूल किंवा घाणा लागलेले सगळे: फणसाचे गरे, सोललेला लसूण, मोड आलेली मटकी, कापलेली भाजी, हळद, तिखट, मसाला, लोणचे, पापड, नाचणीचे पीठ, घाण्याचे तेल, गूळ, काकवी, तूप, पनीर, आणि स्टॉलवर भाजून दिलेला हुरडा किंवा कणीसही. गिरणीतून आणलेला स्वतःचा तांदूळ आणि डाळ याच रकान्यात धरा. शेतातले पीक म्हणून वाद घालता येईल, पण नोंदणी स्वस्त आहे आणि वाद महाग पडतो.

नवखे दोन ठिकाणी हमखास फसतात. एक, स्टॉल भरलेला दिसावा म्हणून पहाटे मार्केट यार्डातून दोन क्रेट कांदा-बटाटा उचलून आणणे. त्या क्रेटपुरते तुम्ही शेतकरी उरत नाही, व्यापारी होता. कायद्याची सूट जाते, बहुतेक बाजारांच्या नियमात स्टॉलही जातो. दोन, गावातल्या पाच जणांचा माल शेतकरी उत्पादक कंपनीच्या नावाने विकणे. कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती आहे, सभासदाची सूट तिला आपोआप मिळत नाही. कंपनीच्या नावाने पावती फाडायची तर कंपनीची नोंदणी किंवा परवाना हवाच.

दुसरी पायरी: कागदपत्रे

बाजार चालवणारा गट साधारण इतके मागतो: आधार, पीक नोंद असलेला सातबारा, बँक पासबुकाची प्रत, दोन फोटो आणि आता शेतकरी ओळखपत्र. सातबाऱ्यावरची पीक नोंद चालू हंगामाची असू द्या. ई-पीक पाहणी केलीच नाही म्हणून सातबाऱ्यावर अजून सोयाबीन दिसते आणि स्टॉलवर भेंडी मांडलेली असते, असा प्रकार फार. तपासणाऱ्याला तुम्ही पुनर्विक्रेते वाटला तर चूक त्याची नाही. भाजीपाला मिश्र असेल तर पाहणी करतानाच मिश्र पीक म्हणून नोंद घ्या, बांधावरचा शेवगाही सोडू नका. जमीन वडिलांच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांचे साधे संमतीपत्र जोडावे. खंडाने केलेल्या शेतीसाठी खंडाचा लेखी करार.

दुसऱ्या रकान्यातल्या वस्तूंसाठी केंद्राच्या फॉसकॉस या संकेतस्थळावर अर्ज करायचा. २०११ च्या नियमावलीने वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्यांना लहान अन्न व्यावसायिक मानले, त्यांच्यासाठी साधी नोंदणी ठेवली आणि शुल्क वर्षाला १०० रुपये धरले. मर्यादा आणि शुल्क सरकार बदलत असते, म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी संकेतस्थळावर दिसेल तेच खरे माना. अर्ज तुम्ही स्वतः मोबाईलवर भरू शकता. फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा एवढ्यावर काम होते. एजंटला हजार-दोन हजार देण्यासारखे त्यात काही नाही.

अर्जात 'व्यवसायाचा प्रकार' निवडताना उत्पादन आणि विक्री दोन्ही निवडा. पत्ता जिथे पदार्थ बनतो तिथला द्यायचा, बाजाराचा नव्हे. आणि वस्तू ज्या गटात मोडतात ते सगळे गट टाका. लोणच्यासाठी नोंदणी काढून त्याच क्रमांकावर तूप विकले तर ते तूप बिननोंदणीचेच. मिळणारा क्रमांक १४ अंकी असतो. नोंदणीचा २ ने सुरू होतो, परवान्याचा १ ने. प्रमाणपत्राची प्रत स्टॉलवर दिसेल अशी लावायची.

बचत गटांत एक सवय दिसते: नोंदणी अध्यक्ष ताईंच्या घरच्या पत्त्यावर, आणि पापड मात्र सात घरांत लाटलेले. नोंदणी जागेला असते. सात स्वयंपाकघरे एका क्रमांकावर चालत नाहीत. एकतर एक जागा ठरवून सगळ्यांनी तिथे काम करावे, नाहीतर प्रत्येकीने स्वतःची नोंदणी काढावी. पहिला मार्ग कटकटीचा वाटतो, पण चव, मिठाचे प्रमाण आणि वजन एकसारखे राहायचे तर तोच बरा.

तिसरी पायरी: काटा

यावर थोडे थांबू, कारण बाजारातली सर्वाधिक भांडणे काट्यावरून होतात.

ऑनलाइन मिळणारा चारशे-पाचशे रुपयांचा स्वयंपाकघरातला काटा विक्रीला चालत नाही. त्या मॉडेलला व्यापारासाठी मान्यता नसते, त्यामुळे वैधमापन शास्त्र विभाग (वजन-मापे तपासणारे सरकारी खाते) त्यावर शिक्का मारूच शकत नाही. परवानाधारक विक्रेत्याकडून मान्यताप्राप्त मॉडेल घ्या आणि पडताळणीचे प्रमाणपत्र त्याच वेळी मागून घ्या. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर १२ महिन्यांनी, साध्या तराजूची आणि वजनांची दर २४ महिन्यांनी. तारीख उलटली तर काटा अचूक असला तरी गुन्हा होतो.

भाजीवाल्यांकडे सहसा ३० किलो क्षमतेचा, ५ ग्रॅमच्या टप्प्याचा काटा असतो. व्यापारी वर्गाच्या काट्यावर किमान वजन टप्प्याच्या वीसपट असते, म्हणजे या काट्यावर १०० ग्रॅमच्या खालचे वजन करायचेच नाही. किमान आणि कमाल दोन्ही आकडे काट्याच्या पट्टीवर छापलेले असतात. ५० ग्रॅम आले किंवा मिरची मागणारे गिऱ्हाईक रोज येते; त्यासाठी लहान क्षमतेचा दुसरा काटा ठेवा, नाहीतर ढिगाऱ्यावर, वाट्यावर द्या.

काटा चुकण्याची कारणे ठरलेली आहेत. टेबल डुगडुगते. वारा तागडीवर येतो. बॅटरी उतरली की आकडे नाचतात. आणि ताटलीचे वजन शून्य न करता मोजणी सुरू होते. काट्यावरचा पाणसळीचा बुडबुडा मध्यात आणा, मगच चालू करा. एक किलोचे शिक्का मारलेले वजन आयोजकाच्या टेबलावर ठेवले आणि कुणालाही फेरमोजणी करू दिली, तर तक्रारी जवळजवळ संपतात. शंभर रुपयांच्या मालात पाच रुपयांचे वजन मारणाऱ्या एका स्टॉलमुळे शेजारच्या बारा स्टॉलचे गिऱ्हाईक तुटते, म्हणून हा विषय आयोजकाचा आहे, एकट्या विक्रेत्याचा नाही.

गिऱ्हाइकासमोर मोजून दिलेली भाजी सुटी विक्री ठरते. वेळ वाचवायला घरीच अर्धा-अर्धा किलोच्या पिशव्या बांधून आणल्या की ती आवेष्टित वस्तू होते आणि २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांप्रमाणे लेबल लागते. बहुतेकांना हे दंडाच्या दिवशी कळते. पालेभाजी जुडीने विका, बाकी समोर मोजा.

चौथी पायरी: लेबल

पहिल्या रकान्यातलाच माल असेल तर ही पायरी सोडून पुढे जा.

तिखट, हळद पावडर, गरम मसाला सुटा विकता येत नाही. दळलेले मसाले पॅक करूनच विकायचे असा नियम आहे. खाद्यतेलही सुटे विकायला बंदी आहे. घाण्याचे तेल डब्यातून बाटलीत ओतून देणे कितीही घरगुती वाटले तरी करू नका. अख्खी मिरची, अख्खी हळकुंडे चालतात.

पाकिटावर हे हवे: पदार्थाचे नाव, घटक, वजनाच्या उतरत्या क्रमाने, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, बनवणाऱ्याचे नाव आणि पूर्ण पत्ता, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, बनवल्याची तारीख आणि वापराची अंतिम तारीख, १४ अंकी नोंदणी क्रमांक आणि केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे (एफएसएसएआय) बोधचिन्ह, शेंगदाणा, दूध, गहू, सोया यांसारखे ॲलर्जी आणणारे घटक असतील तर त्यांचा स्पष्ट उल्लेख, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, एक किलोपेक्षा कमी पाकिटावर दर ग्रॅमची किंमत, तक्रारीसाठी फोन. प्रक्रिया केलेल्या बहुतेक पदार्थांवर पोषणमूल्यांचा तक्ताही. उदाहरणार्थ २५० ग्रॅम तिखटाचे पाकीट १२५ रुपयांना असेल तर 'प्रति ग्रॅम ०.५० रुपये' हेही छापायचे.

भाषेचा सापळा इथेच आहे. सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा लागतो. मराठी त्याच्या जोडीला चालते, एकटी चालत नाही. हजार लेबले फक्त मराठीत छापून घेतली की ती रद्दीत जातात. छापण्याआधी एक प्रत अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात दाखवून घ्या, त्याला पैसे पडत नाहीत.

आणि माल पॅक करून विकणाऱ्याने पॅकर म्हणून वैधमापन विभागाकडेही नोंदणी करायची असते, काम सुरू केल्यापासून ९० दिवसांत. अन्न नोंदणी झाली म्हणजे सगळे झाले असे समजून ही राहून जाते.

लोणच्याबद्दल एवढेच: मानकाप्रमाणे तेलातल्या लोणच्यात फळ किंवा भाजी किमान ६० टक्के आणि तेल किमान १० टक्के हवे, मिठाच्या पाण्यातल्या लोणच्यात मीठ हेच टिकवण्याचे साधन असेल तर ते किमान १२ टक्के. 'कमी मिठाचे' म्हणून विकलेले लोणचे उन्हाळ्यात बरणीत फुगते, त्याचे कारण हेच. फोडी तेलाखाली बुडालेल्या हव्यात, बरणी भरताना हवेचे बुडबुडे चमच्याने काढावेत.

पाचवी पायरी: 'सेंद्रिय', 'देवगड', 'झाडावर पिकलेला'

पाटीवर काय लिहिता त्याची जबाबदारी तुमची. शेतकऱ्याने थेट गिऱ्हाइकाला विकलेल्या सेंद्रिय मालाला २०१७ च्या नियमांत प्रमाणीकरणातून सूट आहे, पण मग 'जैविक भारत' हे प्रमाणित सेंद्रिय मालाचे सरकारी बोधचिन्ह वापरता येत नाही. गटाने पीजीएस (शेतकऱ्यांनी एकमेकांची शेते तपासून खात्री देण्याची पद्धत) प्रमाणपत्र काढले असेल तर त्याची प्रत लावा. ते नसेल तर 'सेंद्रिय' या शब्दापेक्षा 'या प्लॉटवर रासायनिक फवारणी केलेली नाही' असे नेमके लिहिलेले आम्हाला अधिक पसंत आहे. गिऱ्हाईक पुढचे प्रश्न विचारते आणि तुम्हाला उत्तरे देता येतात.

भौगोलिक मानांकन असलेल्या मालाचे नाव कुणालाही वापरता येत नाही. कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये मानांकन मिळाले. ते नाव लावायचे तर माल त्या भागातला हवा आणि तुम्ही अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेले हवे. जळगावचे भरीताचे वांगे, मंगळवेढ्याची ज्वारी, वायगावची हळद यांनाही हेच लागू. नोंदणी असेल तर प्रमाणपत्र पुढे ठेवा, त्याने दर मिळतो.

आंबा, केळी पिकवायला कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास बंदी आहे. इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) चालतो. आढीतल्या आंब्याचा रंग सगळीकडे सारखा येत नाही, देठाकडे हिरवट राहतो. ते पाटीवर लिहून टाका म्हणजे समजावत बसावे लागत नाही.

फवारलेल्या भाजीची खरी अडचण तोडणीत आहे. कीटकनाशकाच्या लेबलवर प्रतीक्षा कालावधी छापलेला असतो: फवारणीनंतर इतके दिवस तोडणी नाही. भेंडी, काकडी, दोडका तर दिवसाआड तोडावा लागतो. म्हणजे बाजाराच्या चार दिवस आधी सात दिवसांच्या प्रतीक्षेचे औषध मारले की त्या आठवड्याची तोडणी बाजारातून बाद. फवारणीचे वेळापत्रक बाजाराच्या वारावरून उलटे आखा आणि वहीत औषध, तारीख, प्लॉट लिहा.

सहावी पायरी: तोडणी ते टेबल

बाजार सकाळचा असेल तर पालेभाजी आदल्या संध्याकाळी ऊन उतरल्यावर काढा. मुळे धुवा, पाने भिजवू नका, पाणी पूर्ण निथळू द्या. ओली कोथिंबीर रात्रभर गोणीत बांधून ठेवली तर आतून तापते आणि सकाळी मधली पाने काळी निघतात. ओलसर गोणपाट वर टाकायचे, आत हवा खेळली पाहिजे. वांगी, टोमॅटो, काकडी क्रेटमध्येच. गोणीत खालचा थर दबतो आणि किरकोळ गिऱ्हाईक दबलेला टोमॅटो बोटाने ओळखते.

टोमॅटो तीन अवस्थांत तोडा: आजचा लाल, दोन दिवसांनी पिकणारा, आणि हिरवट. आठवड्यातून एकदाच येणारे गिऱ्हाईक सगळे लाल टोमॅटो घेत नाही.

माल जमिनीवर मांडू नका. नोंदणीच्या नियमांत विक्रीची पृष्ठभागे जमिनीपासून ६० ते ७० सेंटिमीटर उंच असावीत असे आहे. उघड्या खाद्यपदार्थांना ते सक्तीचे, आणि भाजीलाही फायद्याचे, कारण वाकावे न लागणारे गिऱ्हाईक जास्त वेळ थांबते. ताक, पनीर, दूध ५ अंशांच्या खाली ठेवायचे: बर्फाची पेटी, बर्फ मालाच्या खालीही आणि वरही, झाकण सतत उघडे नको. पैसे घेणारा हात आणि उघडा पदार्थ देणारा हात एक नसावा.

वर्तमानपत्रात भजी किंवा भाजलेले शेंगदाणे बांधून देणे नियमाने बंद आहे; छपाईच्या शाईतले घटक तेलात उतरतात. आणि महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकच्या कॅरी बॅगवर जाडी कितीही असो बंदी आहे: पहिल्यांदा ५,००० रुपये दंड, दुसऱ्यांदा १०,०००. एका दिवसाचा नफा एका पिशवीत जातो. कापडी पिशव्या १० रुपयांना ठेवा, पुढच्या वेळी लोक घरून आणतात.

सातवी पायरी: दर आणि हिशेब

तमिळनाडूच्या उळवर संदैत, म्हणजे तिथल्या शेतकरी बाजारांत, १९९९ पासून एक सोपे सूत्र वापरात आहे: घाऊक दरापेक्षा सुमारे २० टक्के जास्त, किरकोळ दरापेक्षा सुमारे १५ टक्के कमी. सुरुवातीला ते धरायला हरकत नाही. आदल्या दिवशीचा यार्डाचा दर आणि त्या परिसरातल्या भाजीवाल्याचा दर दोन्ही लिहून आणा, मधला आकडा पाटीवर खडूने लिहा. दर तोंडी ठेवला की घासाघीस सुरू होते आणि दुपारपर्यंत आवाज बसतो.

पण दर चांगला मिळाला म्हणजे पैसे उरले असे नाही. खालची आकडेवारी उदाहरणादाखल आहे, तुमचे आकडे घालून पुन्हा मांडा.

समजा यार्डात सरासरी १८ रुपये किलो मिळतात. वाहतूक अडीच रुपये आणि हमाली-तोलाई ५० पैसे वजा जाता पट्टीत १५ रुपये पडतात. आठवडी बाजारात सरासरी ३२ रुपये मिळतात, पण १५ टक्के माल शेवटच्या तासात १५ रुपयांनी काढावा लागतो. म्हणजे खरा दर साडेएकोणतीस रुपयांच्या आसपास. निवडणे, जुड्या, पिशव्या यांचा खर्च किलोला सुमारे ४ रुपये. याशिवाय ठरावीक खर्च: चौघांत वाटलेल्या पिकअपचे ६००, स्टॉल आणि सफाई १००, चहा-जेवण १२०, स्वतःच्या दिवसाची मजुरी ५००, एकूण १,३२०.

आता १२० किलो माल नेला तर हातात सुमारे १,७३० रुपये उरतात. तोच माल यार्डात टाकला असता तर १,८००. दिवसभर उभे राहून तोटा. २२० किलो नेला तर सुमारे ४,३०० उरतात, यार्डात ३,३०० मिळाले असते. हजार रुपयांचा फायदा. आणि तेच २२० किलो नेताना पिकअप एकट्याने २,४०० रुपयांना केली असती, तर उरले असते अडीच हजार, म्हणजे यार्डापेक्षाही आठशे कमी. दरापेक्षा गाडीत किती जण आहेत हा प्रश्न मोठा आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून चार-पाच घरांनी मिळून यावे, आणि पिके वाटून घ्यावीत: एकाने पालेभाजी, एकाने वेलवर्गीय, एकाने टोमॅटो-वांगी-मिरची, एकाने कांदा-लसूण आणि फळे. सगळ्यांनी मेथीच आणली तर अकरा वाजता मेथी पाच रुपयांना जाते.

क्यूआर कोड प्रत्येकाचा स्वतःचा हवा. गटाच्या एका खात्यावर सगळ्यांचे पैसे गेले की संध्याकाळी वाटणीवरून गट फुटतो. सुट्टे पैसे आदल्या दिवशीच आणा, दहा-वीसच्या नोटांचे हजारभर तरी.

गावात पैसा कुठून कुठे जातो

रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधल्या अभ्यासांत गिऱ्हाईक मोजते त्या रुपयातला शेतकऱ्याचा वाटा टोमॅटोत ३३ टक्के, कांद्यात ३६ टक्के, बटाट्यात ३७ टक्के असा काढला आहे. थेट विक्रीत जवळजवळ सगळा रुपया गावाकडे येतो. मात्र तो सगळा शेतकऱ्याचा नफा नसतो, हे वरच्या हिशेबात दिसलेच. निवडायला बसलेल्या बायकांची मजुरी, पिकअपवाल्याचे भाडे, क्रेट, गोणपाट, कापडी पिशव्या शिवणाऱ्या गटाचे पैसे असा तो वाटला जातो. यार्डाच्या साखळीत हेच काम शहरातला मध्यस्थ करत होता आणि त्याचे पैसे शहरात राहत होते. आता ते काम आणि त्याची मजुरी गावात आली. स्थानिक अर्थव्यवस्थेचा फायदा म्हणतात तो मुख्यतः हा.

दुसरा फायदा लहान मालाला. १५ किलो चाकवत, ५ किलो अंबाडी, परसातली चार डझन अंडी अडत्याकडे नेता येत नाहीत, कारण त्यांना तिथे भावच फुटत नाही. इथे त्यांच्यासाठीच लोक येतात. दोन-तीन गुंठ्यांतल्या बाईमाणसाच्या मालाला हातात रोख देणारी दुसरी जागा क्वचितच असते.

मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. एकराच्या टोमॅटोची एका तोडणीत शंभर क्रेट निघतात. आठवडी बाजार ती पेलू शकत नाही. मोठा प्लॉट यार्डासाठी किंवा खरेदीदार कंपनीसाठी, आणि विविधतेचा तुकडा बाजारासाठी, अशी आखणी करा. आठवडी बाजाराच्या भरवशावर कुणी सगळे रान भाजीखाली आणायला निघाले तर त्याला थांबवा.

आयोजक असाल तर

जागेची लेखी परवानगी घ्या: महापालिकेची जागा असेल तर क्षेत्रीय कार्यालयाची, सोसायटी असेल तर कमिटीचा ठराव. त्यात वार, वेळ, वीज, पाणी, कचरा कोण उचलणार आणि गाड्या कुठे लावणार हे पाच मुद्दे असू द्या. बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय पहिल्या दिवशी नसेल तर चौथ्या आठवड्यात निम्म्या विक्रेत्या येत नाहीत. दहा-बारा स्टॉलने सुरुवात पुरे. महिन्यातून एकदा न सांगता शेतावर जाऊन पीक पाहून या, पुनर्विक्री त्यानेच थांबते.

अधिकारी नमुना घेतो तेव्हा

अन्न सुरक्षा अधिकारी प्रक्रिया केलेल्या मालाचा नमुना घेऊ शकतो. त्याने लेखी नोटीस द्यायची, मालाची किंमत मोजायची आणि नमुन्याचे चार भाग करून तुमच्यासमोर सील करायचे असतात. एक भाग विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात, आणि तुम्ही तिथेच लेखी मागणी केली तर चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जातो. ही मागणी त्याच वेळी करा, खर्च तुमचा असला तरी. विश्लेषकाचा अहवाल १४ दिवसांत अपेक्षित असतो आणि तो विरुद्ध गेला तर अपिलाला ३० दिवस मिळतात. त्या बॅचची चार पाकिटे घरी बाजूला ठेवलेली असतील आणि कच्चा माल कुठून घेतला त्याची पावती वहीत असेल, तर अपील लिहायला अर्धा तास पुरतो.